पंचांसमोर पन्नास पळ्या

१९ ऑगस्ट १९४४
(जागेचं नाव लिहायला बंदी आहे. आसामात आहे, एवढं चालतं.)

अब्राहाम मास्तरांना फिलिपचा सलाम.

मी पत्र घातलं रोझीला आणि उत्तराचं कार्ड आलं तुमच्या अक्षरात. मग वाचलं. ती बरी आहे, तुमच्याकडेच आहे, पाचवा महिना सरला, नाताळच्या सुमारास मोकळी होईल. मास्तर, मला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. ईस्टरनंतर मी निघालो तेव्हा तिलाही ठाऊक नसावं. कार्ड वाचत चालताना तंबूच्या दोरीला अडखळून पडलो, सगळे हसले, मीही हसलो.

पण शेवटच्या दोन ओळींनी झोप उडवली. तुम्ही लिहिता, आरोग्य खात्याचा माणूस आला, त्यानं खाणीच्या पाण्यात तीन पळ्या बुडवून पाहिल्या, डासाची एक अळी निघाली नाही, पाणी निर्धोक आहे असं सांगून गेला. म्हणून रोझीला पारनेरच्या माळावर माझ्या आईकडं धाडायची गरज नाही.

तीन पळ्या!

मागच्या दिवाळीत आमची तान्ही मेरी तुमच्याच घरात गेली. तुम्ही म्हणालात दात येत होते. मी म्हणालो हिवताप. ते भांडण मी आता उकरत नाही. फक्त खाण तीच आहे, घर तेच आहे आणि दिवाळी परत येते आहे, एवढं सांगतो. आधी त्या खाणीत दगड तेवढा होता. मिशनच्या देवळाला दगड काढून झाला, वरून कॅनॉलचा पाझर उतरला, आता बारा महिने पाणी. आईच्या माळावर प्यायला पाणी नाही, तिथं डास कुठून येणार?

मी इथं काय काम करतो ते तुम्हाला माहीत नाही. तुम्हाला वाटत असेल, फिलिप पुन्हा कुठं तरी लॉरी पुसत असेल. साखर कारखाना सोडला, नगरचा हातमाग सोडला, आता काय सोडणार ते बघू, असं तुम्ही रोझीला म्हणाला होता. ते मला कळलं. तर मी डासांच्या मागावर आहे. लांब दांड्याची पांढरी पळी असते. ती नाल्यात, भातात, बैलाच्या खुरानं पडलेल्या खड्ड्यात हळू बुडवायची, वर काढायची, अळ्या मोजायच्या, साहेबाला सांगायचं. साहेब ठरवतो तेल कुठं मारायचं आणि पलटणीचा तळ कुठं टाकायचा. आमचा हवालदार कोल्हापूरकडचा. पहिल्या दिवशी मी चार पळ्या घेऊन "नाला साफ" म्हणालो तर त्यानं माझ्या डोक्यावरची टोपी काढून पाण्यात टाकली. म्हणाला, "जा, टोपी शोधून आण. चार पळ्यांत घावली तर नाला साफ."

मास्तर, राग मानू नका. शाळेतली छबूबाई पोरींच्या डोक्यात उवा आहेत का ते कशी बघते? टाळूवर तीन ठिकाणी केस बाजूला करून "न्हाईत उवा" म्हणते का? ती कानामागं बघते, मानेवरच्या दाट केसांत बघते. उवा काही लाडवावर तीळ लावल्यासारख्या डोकंभर सारख्या नसतात. घर करून बसतात. डासाच्या अळ्याही तशाच. खाणीचं शंभरातलं नव्वद हिस्से पाणी रिकामं असेल, आणि एका कोपऱ्यात, लव्हाळ्याच्या बुडाशी, भात शिजल्यासारखी दाटी. तीन पळ्या मधल्या पाण्यात बुडवल्या की हाती पाणीच येणार. त्याचा अर्थ अळ्या नाहीत असा नाही. त्याचा अर्थ तीन पळ्या पाणी, एवढाच.

तिला आईकडं धाडा. कोळशावर चालणाऱ्या मोटारीनं नगर, तिथून बैलगाडी. अजून तिला हिंडता फिरता येतंय तोवर धाडा.

फिलिप

रोझीला सांगा, टोपी सापडली.

१६ सप्टेंबर १९४४

मास्तरांना सलाम.

तुमचं पत्र मिळालं. ह्या वेळी कार्ड नाही, चांगली दोन पानं. उवांचा दाखला शिक्षकाला लिहिलेल्या पत्रात शोभत नाही म्हणालात, कबूल. पण तुम्ही लिहिलंय की रोझी तो भाग ऐकून पोट धरून हसली. तुमच्या पत्रातलं तेवढंच मी दोनदा वाचलं.

बाकीचं वाचून मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

तुम्ही माझं ऐकलंत हे मी नाकारत नाही. कोण सासरा ऐकतो? मिशनच्या मडमेचा पांढरा मग मागून आणलात, वेळूला बांधलात. रविवारी उपासना झाल्यावर सगळ्या मंडळीला खाणीवर नेलंत. गावातून आप्पासाहेब पाटलांना बोलावलंत, म्हणजे उद्या कोणी खोटं म्हणायला नको. पाळकसाहेब, मंडळीचे दोघे वडील, असे पंच काठावर उभे केलेत. पाणी नीट दिसावं म्हणून म्हशी आधी हाकलून काढल्यात, धुण्याच्या पायरीजवळचं गवत कापून घेतलंत. आणि त्या पायरीवर उभं राहून तुम्ही स्वतः पन्नास पळ्या भरल्यात. प्रत्येक पळी पंचांना दाखवलीत. शाळेच्या पोरांनी पाढे म्हटल्यासारखं मोजलं. पन्नासही रिकाम्या. पंचांनी सह्या केल्या. आप्पासाहेब म्हणाले, "जावईबापूंना लिहा, आमच्या खाणीत मासा बी न्हाई आन् डास बी न्हाई. आसामातले डास आसामात मोजा म्हणावं."

मास्तर, तुमच्याइतका खरा माणूस मी पाहिला नाही. म्हणूनच रडू येतं.

अळीला डोळे आहेत. ती पाण्याच्या वरच्या कातड्याला काडीसारखी आडवी पडून असते. सावली पडली की बुडी मारते. आम्ही पाण्याकडं जातो ते सूर्य समोर ठेवून, सावली मागं टाकून, बोलत नाही, खोकत नाही, एक पळी घेतली की थांबतो. तुमच्या काठावर तीस-चाळीस माणसं वाकून बघत होती. म्हशींनी पाणी ढवळलं होतं. पोरं ओरडत होती. अख्खी खाण अळ्यांनी भरली असती तरी त्या रविवारी सगळ्या तळाशी गेल्या असत्या. चोर धरायला निघताना ताशा वाजवत कोणी जातं का? पंच नेमले, तिथंच अळ्यांना खबर लागली.

आणि दुसरं. पन्नास पळ्या एकाच पायरीवरून. मास्तर, त्या पन्नास नव्हेत, ती एकच पळी पन्नास वेळा भरली. तिथं बाया धुणं धुतात, साबण असतो, पाणी सारखं हलतं. तिथं अळी राहीलच कशाला? तुम्ही एकाच पोराला पन्नास वेळा पाढा विचारलात आणि वर्ग हुशार आहे असं लिहून दिलंत.

तुम्ही विचारलंय, "मग किती? आकडा सांग. तीन कमी, पन्नास कमी. शंभर भरल्या तर तू दोनशे म्हणशील. ह्याला शेवट आहे की नाही, की तुला फक्त आपलंच खरं करायचं आहे?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. हवालदाराला विचारला तर तो म्हणाला, "सासरा वकील हाय काय रं तुजा?" मग साहेबाला विचारला. साहेबाला बरं वाटलं, त्यानं मला खोक्यावर बसवलं आणि मोडक्या हिंदुस्थानीत समजावलं. ते मी माझ्या डोक्याप्रमाणं सांगतो. आकडा आधी ठरवता येत नाही. आधी थोड्या पळ्या चारी बाजूंनी घ्यायच्या आणि बघायचं, पळ्या एकमेकींसारख्या आहेत का. सगळ्यांत दोन-तीन, दोन-तीन अशा निघाल्या तर थोड्यावर भागतं, पुढचीही तशीच निघणार. पण एकीत काही नाही, दुसरीत काही नाही, आणि तिसरीत चाळीस, असं निघालं तर समजायचं की ही गर्दी करून राहणारी जात आहे, आता पळ्या वाढवा, आणि जागा त्याहून वाढवा. जितकी गर्दी एका ठिकाणी, तितकी तुमची रिकामी पळी खोटी. आणि सगळ्याच रिकाम्या निघाल्या तर? मी विचारलं. साहेब म्हणाला, तेव्हा सर्वांत जास्त भिऊन राहायचं, कारण तेव्हा तुम्हाला काहीच कळलेलं नसतं.

मग शेवट कुठं, मीही विचारलं. तो म्हणाला, शेवट पाण्यात नाही. चुकलं तर काय जाणार आहे, त्यावर शेवट. रिकाम्या माळावर चुकलं तर चालतं. जिथं माणसं निजणार तिथं चुकून चालत नाही.

मास्तर, तिथं रोझी निजते.

एकटे जा. दुपारी जा. पायताण काढा. काठाकाठानं चाला, दर दहा पावलांवर एक पळी. लव्हाळ्यात, म्हशींच्या खुरांच्या खड्ड्यात, पाझर उतरतो त्या कोपऱ्यात. धोतर भिजेल. भिजू द्या. कोणाला सांगू नका. नाही तर काहीच करू नका, पाणी मोजू नका, मला खोटा म्हणा, पण तिला आईकडं धाडा.

फिलिप

२४ सप्टेंबर १९४४
(चांदभाईच्या हाती)

मास्तर,

हे पत्र घेऊन येणारा चांदभाई राहुरीचा, आमच्याकडं लॉरी हाकतो, रजेवर येतोय. भला माणूस आहे. त्याला चहा द्या, उंबऱ्याबाहेरून बोळवू नका.

त्याच्यापाशी तंबाखूची डबी आहे. तंबाखू नाही. हिवतापावरच्या पिवळ्या गोळ्या आहेत. क्विनाइन बाजारात सोन्याच्या भावानंही मिळत नाही हे मला चांदभाईनं सांगितलं. ह्या त्याहून जालीम. रोझीला हुडहुडी भरली की त्याच दिवशी सुरू करायच्या, रोज तीन, पोटात काही घातल्यावर, पाच दिवस. कडू आहेत. अंग पिवळं पडेल, ती कावीळ नव्हे. इथं आम्ही सगळे हळकुंडासारखे दिसतो.

कुठून आणल्या विचारू नका. आम्हाला संध्याकाळी रांगेत उभं करून रोज एक देतात, त्यातच थोडं मागंपुढं होतं.

तुम्ही खाणीवर गेला होतात का? काहीच लिहिलं नाहीत.

अक्षर वाकडं आलंय. फळीवर ठेवून लिहितोय आणि पेन्सिल बोथट आहे.

फिलिप

२० ऑक्टोबर १९४४

मास्तर,

सलाम लिहीत नाही.

परवा साहेबानं बोलावलं. टेबलावर माझी तंबाखूची डबी. शेजारी तुमचं पत्र, लांबट लिफाफ्यात, इंग्रजीत. तुमचं इंग्रजी अक्षर मी लांबून ओळखलं, त्याच अक्षरात तुम्ही फळ्यावर वचन लिहायचात. साहेबानं मला ते अर्थ सांगत वाचून दाखवलं. "ही सरकारी मालमत्ता माझ्या जावयाकडून माझ्या घरी आली. ती सैनिकांच्या तोंडची आहे. ती ठेवून घेणे मला ख्रिस्ती माणूस म्हणून शक्य नाही. मोजून परत करीत आहे. त्याच्या तारुण्याकडे पाहून दया करावी." रजिस्टर पार्सलानं! डबीच्या झाकणाला लाखेची मोहोर लावून!

साहेबानं पत्राची घडी घातली. मग म्हणाला, "तुझा सासरा फार सच्चा आहे." मी म्हणालो, "होय." दुसरं काय म्हणणार? बाहेर आल्यावर हवालदार म्हणाला, "फिलप्या, असला सासरा जर्मनीला देऊन टाक. लढाई आजच संपंल."

पळी काढून घेतली. आता खंदक खणतो. रजा बंद. संध्याकाळी गोळी दिली की "आ कर" म्हणतात, जीभ उचलून बघतात, सगळ्यांसमोर. होऊ द्या. त्याचं मला काही नाही.

पण त्या गोळ्या परत करताना तुमचा हात थांबला नाही का? तुम्ही कोणाच्या तोंडच्या म्हणालात, सैनिकांच्या. त्या दुसऱ्या कोणाच्याही तोंडच्या नव्हत्या. ज्याच्या वाटणीच्या होत्या त्यानं राजीखुशीनं दिल्या होत्या. त्याचं काय व्हायचं ते त्याचं तो बघेल.

चांदभाईचं पत्र आलंय. तो लिहितो, वस्तीवर दोन घरांत थंडीताप आहे, बायडाबाईची दोन्ही पोरं गोधडीखाली आहेत. आणि तुम्ही त्याला म्हणालात, "आमच्या घरात देवाच्या दयेनं कोणी आजारी नाही." पुन्हा तेच, मास्तर! आपलं घर म्हणजे एक पळी. ती रिकामी निघाली म्हणून वस्ती निर्धोक?

मी तुम्हाला मामा म्हणत नाही, कारण लग्नात तुम्ही म्हणाला होता, "मास्तरच म्हण, तेवढं पुरे." बरं. मास्तर म्हणून सांगतो. तुम्ही मला चौथीतून काढलंत तेव्हा वडिलांना म्हणाला होता, ह्या पोराला एका जागी बसता येत नाही. खरं होतं. आजही बसता येत नाही. पण पाण्याच्या काठानं हिंडत राहायला तसाच माणूस लागतो. एका पायरीवर उभं राहून ते काम होत नाही.

तुमच्या पाया पडतो. एकदा एकटे जा. आणि तिला धाडा, आता सातवा सरत आला, अजूनही गाडीनं जाता येईल. आईनं खोली सारवून ठेवलीय, तिच्या गावच्या पाटलांच्या पोराकडून तिनं तसं लिहवून पाठवलंय. माझी आई बनुबाई तुम्हाला आवडत नाही, ती अंगणात बसून मिसरी लावते, शिव्या देते, बनुबाईच्या घरात माझी मुलगी राहणार नाही असं तुम्ही म्हणालात. तिच्या शिवीनं कोणी मेलेलं नाही.

अक्षराबद्दल काही समजू नका. इथं थोडं ऊन लागलं होतं. आता बरं आहे.

फिलिप

१८ नोव्हेंबर १९४४
(नियाजच्या हाती)

मामा,

तुम्हीच पत्राखाली "तुझा मामा" लिहिलंत, म्हणून लिहितो.

हे पत्र आणणारा नियाज संगमनेरचा. लॉरी उलटली, हात मोडला, त्याला घरी सोडताहेत. तो माझ्या शेजारच्या खाटेवर होता. होय, खाटेवर. मीही इस्पितळात आहे, थोडा ताप होता, आता विशेष नाही. इथं दूध देतात. त्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

तुमचं पत्र काल मिळालं. नियाज उद्या पहाटे निघतो, म्हणून घाईनं लिहितो. टपालापेक्षा तो लवकर पोचेल.

तुम्ही गेलात. एकटे, दुपारी, अनवाणी. काठाकाठानं दर दहा पावलांवर पळी भरत गेलात, आणि अर्धी खाण होईपर्यंत सगळ्या रिकाम्या निघाल्या, आणि मनात आलं की आता परत फिरावं, फिलिप खोटाच आहे. तरी पुढं गेलात. मग पाझराच्या कोपऱ्यात, लव्हाळ्याआड, म्हशींनी तुडवलेल्या चिखलात तो पांढरा मग बुडवलात तर त्यात इतक्या अळ्या निघाल्या की मोजता मोजता डोळे भरून आले. पुढच्या पळीत तितक्याच. त्याच्या पुढच्या पळीत एकही नाही. तुम्ही लिहिता, "मी गुडघाभर पाण्यात उभा राहून मेरीचे नाव घेतले."

मामा, हे वाचून मला बरं वाटायला हवं होतं. तीन महिने मी ह्याच उत्तराची वाट बघत होतो. मला काहीच वाटलं नाही. कारण पुढचं पान वाचलं.

चार तारखेला रोझीला थंडी भरली. तीन गोधड्यांखाली दात वाजत होते. मग फणफणून ताप, मग घाम. तुम्ही गाडी सांगितलीत, बैल जुंपले, आईकडं न्यायला. आणि ती गोधडीतून म्हणाली, "मी काय शेळी हाय का बाबा, ह्या दावणीची त्या दावणीला बांधायला? तीन महिनं तुमी दोघं माझ्यावरून कागद पाठवताय. मला कुणी इचारलं का?"

खरंच नाही विचारलं. मी पत्रं तुम्हालाच लिहिली. बैलाचा सौदा करावा तशी.

तुम्ही विचारता, धाडू की नको. आणि खाली, बारीक अक्षरात, खोडून पुन्हा लिहिलंय, "त्या गोळ्या पुन्हा मिळू शकतील काय?" मामा, ती ओळ लिहायला तुम्हाला किती वेळ लागला असेल ते मला दिसतं.

तर ऐका. धाडू नका. मी ऑगस्टपासून ज्यासाठी डोकं आपटलं तेच आता करू नका. अंगात ताप, आठवा महिना, दोन दिवस गाडीचे हिसके. बाळ वाटेत होईल. घरीच ठेवा. छबूबाईला रात्रंदिवस तिथं बसवा. मच्छरदाणी मडमेकडून मागा, तो पांढरा मग मागितलात तशीच. त्या कोपऱ्यातलं लव्हाळं मुळापासून काढा, खुरांचे खड्डे मातीनं भरा, पाझराला चर खणून पाणी वाहतं करा. ह्या वेळी मंडळीला न्या, आप्पासाहेबांना न्या, पोरांना हवं तेवढं ओरडू द्या. आता सावली पडली तर हरकत नाही.

नियाजच्या पट्टीत, मोडक्या हाताच्या आत, गोळ्या आहेत. पंधरा भरतात. पहिल्यासारख्याच, रोज तीन, पोटात काही घातल्यावर. दोन ओल्या होऊन वाळल्यात, त्यांचा आकार गेलाय, पण गुण जात नाही. साहेबाच्या गोदामातल्या नाहीत. त्या ज्या माणसाच्या नावावर दिल्या गेल्या, तो इथंच, ह्याच खाटेवर असतो, आणि त्याला हे मान्य आहे. परत पाठवायच्या असतील तर आधी रोझीला विचारा.

आता एक गोष्ट, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. तुमच्या पत्राच्या शेवटी, पाच तारखेच्या सकाळी, तुम्ही आनंदानं लिहिलंय, "आज ताप मुळीच नाही. कपाळ गार आहे. तिने भाकरी खाल्ली. प्रभूने ऐकले." आणि ते पाकीट बंद केलंत.

मामा, हा ताप एकाडएक येतो. एक दिवस चढतो, एक दिवस सुटी घेतो. पाच तारखेला तुम्ही सुटीच्या दिवशी कपाळाला हात लावलात. ते कपाळ म्हणजे धुण्याची पायरी. तिथं काही सापडत नाही म्हणून काही नाही असं होत नाही. सहाला पुन्हा चढला असेल. आठला. आज अठरा. मी इथं पडून तिचे चढाचे दिवस मोजतो आणि माझे मोजतो, आणि दोन्ही एकाच तारखेला येतात.

भाकरी खाल्ली म्हणून गोळी सोडू नका. पाच दिवस म्हणजे पाच दिवस, मधला दिवस हसण्याचा असला तरी. ती म्हणेल बरी आहे. तिला बरं दिसायची सवय आहे. सकाळी हात लावा, दुपारी लावा, दिवेलागणीला लावा, पायाला लावा, पाठीला लावा. बाळ हललं का ते छबूबाईला नव्हे, तिलाच विचारा, आणि एकदा नव्हे.

नियाज पोचेल तेव्हा जे व्हायचं ते कदाचित होऊन गेलेलं असेल. तुम्हाला ठाऊक असेल आणि मला ठाऊक नसेल. मग तुम्ही मला लिहाल. लिहिताना माझ्यावर दया करून चांगला दिवस निवडू नका. एका दिवसाचं कळवू नका, मामा. चार तारखेपासून सगळ्या दिवसांचं कळवा.

फिलिप